जाळीखालचं पाणी

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या विनवण्या करणार नाही. विनिपेगमध्ये शहराची बस चालवण्यात माझं आयुष्य गेलं. बर्फात, वादळात, दारुड्यांना शिव्या घालत. भुताखेतांच्या नादी लागणारी बाई मी नाही.

पण हे घडलंय.

माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात, बरोज रस्त्यावर, तिच्या तळघरात. आमच्या जुन्या पंचांगातल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे सहा जानेवारीला ते सुरू झालं. बाहेर उणे पस्तीसच्या आसपास थंडी होती.

बहिणीचं नाव लेस्या. माझ्याहून बरीच लहान. तिचा नवरा ओस्तप विनिपेग तळ्यावर मासेमारी करायचा. हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फाला भोकं पाडून जाळी सोडायची, असा त्याचा धंदा. डिसेंबरच्या सुरुवातीला बर्फ अजून कच्चा होता. त्यावर नेलेली त्याची गाडी वजनानं खाली गेली.

गाडी सापडली. ओस्तप सापडला नाही.

पोलिसांनी थोडे दिवस शोधलं. मग म्हणाले, आता मे महिन्यात बर्फ सुटला की बघू. जसं काही नवरा नाही, पार्सल आहे.

लेस्या रडली नाही. मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

आमच्यात त्या संध्याकाळी घरातल्या मेलेल्यांसाठी एक ताट मांडतात. बसण्याआधी खुर्चीवर फुंकर मारतात, चुकून कुणाच्या मांडीवर बसू नये म्हणून. जेवण झालं की टेबल आवरत नाहीत, अन्न रात्रभर तसंच ठेवतात. ते येतात, जेवतात, जातात. यात कुणी घाबरत नाही. आपलीच माणसं.

पण आमच्या आईचा एक कडक नियम होता. ज्याला माती मिळाली नाही, त्याचं ताट मांडायचं नाही. नाव घेऊन तर मुळीच बोलवायचं नाही. ती म्हणायची, "बाकीचे जेवून परत जातात, कारण त्यांना परत जायला जागा असते. याला कुठेय?"

त्या संध्याकाळी मी तळघरात उतरले आणि ताटं मोजली. आईवडिलांचं एक होतं. शिवाय आणखी एक होतं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"लेस्या, आई काय म्हणायची?"

"आई गेली. तिला म्हणावं, येऊन सांग मला. नाहीतरी आज येणारच आहे ना ती?"

मी सुपाचं भांडं शेगडीवरून उतरवलं. 

आमच्याकडे मोठी जेवणं तळघरातच होतात. वरचं स्वयंपाकघर लोकांना दाखवायला, खरा स्वयंपाक खाली. एका बाजूला शेगडी आणि लांब टेबल. दुसऱ्या बाजूला धुण्याची जागा. वॉशिंग मशीन, सिमेंटची मोरी, आणि मधे जमिनीत एक गोल जाळी. मशीनचं पाणी भिंतीतल्या उभ्या पाइपात जातं आणि तिथून जमिनीखालच्या ड्रेनला. मोरी भरून वाहिली तर ते पाणी जाळीत.

हे सगळं पाइपकाम वुइको ग्रिन्को यांनी केलेलं. वुइको म्हणजे मामा. आईचे चुलतभाऊ. प्लंबर म्हणून म्हातारे झाले, पण तोंड अजून तरुण.

"ड्रायव्हरबाई," त्यांनी मला हाक मारली, "बीटाचं सूप माझ्या स्टॉपवर थांबलंच नाही!"

"तुम्ही हात दाखवला नाहीत, वुइको."

तेवढ्यात मशीन घुमायला लागलं. मी वळून पाहिलं. लेस्या मशीनचं झाकण लावून हात पुसत येत होती.

"आज कोण धुणं लावतं?" मी म्हटलं.

"त्याचे कपडे आहेत. माशांचा वास येत होता. आल्यावर मळके घालणार का?"

वुइकोंनी चमचा खाली ठेवला. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मी सूप वाढत राहिले.

लेस्यानं त्या रिकाम्या खुर्चीवर फुंकर मारली. खुर्ची थोडी मागे ओढली. आणि नाव घेतलं.

"बस, ओस्तप. थंडीतून आलायस."

मशीननं पाणी सोडलं. भिंतीतून सळसळ खाली गेली. आणि जाळीतून...

गुटुक.

"हवेचा पाइप गोठलाय," वुइको तोंडात घास ठेवूनच म्हणाले. "छपरावरचं तोंड बर्फानं बुजलं असणार. उद्या बघतो."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. जाळीखाली पाइपाला बाक दिलेला असतो. त्या बाकात तांब्याभर पाणी कायम साचून राहतं. गटारातला वायू घरात येऊ नये म्हणून मधे तेवढंच पाणी. आणि एक पाइप भिंतीतून थेट छपरावर जातो, हवेसाठी. तो बंद झाला की मशीनचं पाणी जोरात उतरताना बाकातलं पाणी ओढून नेतं.

"म्हणजे घर आणि गटार यांच्यात फक्त तांब्याभर पाणी?" मी विचारलं.

"तेवढं पुरतं," ते म्हणाले. "तेवढंच पुरत आलंय सगळ्यांना."

मशीन थांबलं. खटका वाजला. दिवा विझला.

मग...

गुटुक. गुटुक.

आता पाणी सोडणारं काहीच चालू नव्हतं.

कुणी घाईघाईत पाणी प्यावं, मधे दम घ्यावा, पुन्हा प्यावं, तसा आवाज. शेवटी तळाशी उरलेलं ओढून घेतल्यासारखा एक लांब भुरका. मग शांत.

आणि वास आला. गटाराचा नाही. तळ्याच्या पाण्याचा. माशाचा.

"कपड्यांचा असेल," वुइको हळूच म्हणाले.

"कपडे धुतलेत, वुइको."

लेस्या तेवढी हसत होती. त्याच्या ताटात तिनं गव्हाची खीर वाढली.

दुसऱ्या दिवशी मी शिडी धरली आणि वुइको छपरावर चढले. या वयात, त्या थंडीत. वरून ओरडले, "उघडाय गं! वाफ येतेय!"

पाइप गोठलेला नव्हता. आतून ऊब छान बाहेर पडत होती.

त्यांनी खाली येऊन जाळीत बादलीभर पाणी ओतलं. बॅटरी मारली. पाणी बाकात उभं राहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

सकाळी ते नव्हतं.

पुन्हा ओतलं. पुन्हा नाही. वुइकोंनी कुणाकडून तरी पाइपात सोडायचा कॅमेरा आणला. तडा नाही, गळती नाही, सांधे पक्के. शेवटी चिडून त्यांनी जाळीपाशी स्टूल टाकलं. थर्मासमधला चहा पीत पाण्यावर पहारा केला. सकाळपासून दुपार झाली, पाणी हललं नाही.

मग ते लघवीला वर गेले. परत आले.

कोरडं.

ते तसेच उभे राहिले. "यारका," मला म्हणाले, "इतकी वर्षं मी पाइप जोडले. पाणी खाली जातं आणि वास वर येतो. तिसरं काही पाइपात होत नाही."

"मग हे काय?"

"मला विचारू नकोस. मी फक्त प्लंबर आहे."

त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही.

मी माझी बॅग घेऊन लेस्याकडे राहायला आले. तिला एकटं सोडणं बरोबर नव्हतं. ती जेवत नव्हती. गालांची हाडं वर आली होती. दुपार झाली की मात्र अंगात बळ यायचं. कपड्यांची टोपली उचलून खाली जायची. रोज तेच कपडे. ओस्तपचे. धुवायची, वाळवायची, घडी करायची, पुन्हा धुवायची.

एका दुपारी मशीन थांबलं तरी ती वर आली नाही.

मी जिना उतरले. लेस्या गुडघ्यांवर बसली होती. जाळी काढून बाजूला ठेवलेली. हातात सूप वाढायची पळी. पळी पळीनं ती बाकातलं पाणी उपसत होती आणि बादलीत टाकत होती. उरलेलं स्पंजनं टिपत होती.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. म्हणजे भूत नाही. बहिणीचं दुःखानं डोकं फिरलंय. दुःखाला औषध असतं.

"तू काढतेस होय पाणी!" मी ओरडले. "आणि तो म्हातारा छपरावर चढून मरायला आला!"

"आता मी काढते," ती शांतपणे म्हणाली. "आधी तोच प्यायचा."

"कशासाठी?"

"पाणी असलं की आवाज दबतो. नीट ऐकू येत नाही." मग तिनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता. "यारका, हे गटार जातं कुठे?"

"नदीत. साफ करून सोडतात."

"आणि नदी?"

आमची नदी उत्तरेला वाहते. त्याच तळ्यात जाते. शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

"ऐक ना," ती म्हणाली. "एकदाच."

तिचं समाधान व्हावं म्हणून मी वाकले. भोकाला कान लावला. थंड हवा लागली. लांबवर कुठेतरी घूं घूं. पाइपातली हवा, दुसरं काय.

मग बर्फ आवळतो तेव्हा येतो तसा एक लांब, ताणलेला आवाज.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

खालून. बर्फावर आतून मूठ मारल्यासारखं.

मी उठले. "काही नाही," म्हटलं. "हवा आहे."

लेस्यानं माझ्याकडे बघितलं. तिला माझी दया आली असावी.

"काय म्हणतो तो?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आधी विचारायचा, जेवायला काय होतं. मग म्हणायचा, परत जायची वाट सापडत नाही. आता म्हणतो..." ती पळी पुसत बसली.

"काय म्हणतो, लेस्या?"

"म्हणतो, तू ये. दोघं मिळून शोधू."

मी तिच्या हातातून पळी हिसकावली. त्याच संध्याकाळी वुइकोंना बोलावलं. त्यांनी काही न विचारता सिमेंट कालवलं. मशीनची नळी सोडली, उभ्या पाइपाचं तोंड बंद केलं, मोरी बंद केली. जाळीच्या जागी सिमेंटचा जाड थर घातला. लेस्या जिन्यावर बसून बघत होती. ती ओरडेल, अंगावर धावून येईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"तू माझ्यावर दार नाही लावलंस, यारका," एवढंच म्हणाली. "त्याच्यावर लावलंस. तो बाहेर राहिला."

मी तिला माझ्या फ्लॅटवर नेलं. सहाव्या मजल्यावर. सहाव्या मजल्याला तळघर कुठून येणार? डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. आणि ती सुधारायला लागली! बटाट्याचे करंजीसारखे वळलेले वारेनिके तिनं ताटभर खाल्ले. टीव्हीवरच्या हवामानवाल्याच्या टायला नावं ठेवली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले, तिला कळू नये म्हणून. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. वाटलं, वाचली. आणली मी हिला परत.

मग एका दुपारी मी तिला चहा दिला. ती पलंगावर टेकून बसली होती. एक घोट घेऊन म्हणाली, "साखर कमी आहे." मी आणखी घातली. मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी भांडी घासत होते. बाहेर नुकता अंधार पडायला लागला होता.

न्हाणीघरातून...

गुटुक.

मी नळ बंद केला. कान दिला.

गुटुक. गुटुक. आणि तो शेवटचा लांब भुरका.

मी आधी खोलीत डोकावले. लेस्या झोपलेलीच होती. पांघरूण हनुवटीपर्यंत. मग मी न्हाणीघरात गेले. टबाच्या भोकात बॅटरी मारली. खाली पाणी नव्हतं. काळा, कोरडा पाइप.

आणि तळ्याचा वास.

मला राग आला. भीती नाही, राग. मी टबात उतरून गुडघ्यांवर बसले आणि त्या भोकात तोंड घालून ओरडले.

"ओस्तप! हरामखोरा, कच्च्या बर्फावर गाडी घालताना अक्कल कुठे गेली होती तुझी? पोरीला सुखानं जगू दे!"

काही नाही.

मग माझा राग संपला.

"ओस्तप, ऐक," मी म्हटलं. "मला ने. माझं काय, मागे ना पुढे कुणी. मी येते वाट शोधायला. मला रस्ते चांगले सापडतात. पण हिला सोड. एवढी एकच उरलीय मला. पाया पडते तुझ्या."

मी भोकाला कान लावला. 

मग पाइपातून आवाज आला. अगदी जवळून.

तो ओस्तपचा नव्हता.

"यारका..."

लेस्याचा होता.

"यारका, पाणी ओत. ओत गं पटकन. इकडचं ऐकू नकोस."

मी टबातून कशी निघाले आठवत नाही. खोलीत धावले. ती तशीच होती, भिंतीकडे तोंड करून. मी खांद्याला हात लावला.

गार होती.

डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. झोपेतच. त्रास झाला नसेल. मग घड्याळ बघून म्हणाले, "सकाळीच गेली असणार."

"नाही हो," मी म्हटलं. "दुपारी चहा घेतला तिनं. माझ्याशी बोलली."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दुःखात असं होतं, म्हणाले. कप उशाशीच होता. अर्धा संपलेला. मी त्यांना दाखवला. त्यांनी मान हलवली आणि कागद भरत राहिले.

लेस्याला आम्ही रीतसर माती दिली. गोठलेली जमीन उकरायला यंत्र आणावं लागलं. पाद्री होते, गाणी झाली, वुइको ग्रिन्को लहान पोरासारखे रडले. आईच्या नियमानं बघायचं तर तिला जागा मिळाली. मग तिचा आवाज पाइपातून का आला, हे मला कुणी सांगू शकत नाही. मी पाद्रींनाही विचारलं. ते म्हणाले, प्रार्थना करा.

मे महिन्यात बर्फ सुटला. ओस्तप सापडला नाही.

बरोज रस्त्यावरचं घर विकायला काढलं. लोक यायचे, वरचं बघून खूश व्हायचे. तळघरात उतरले की बायका म्हणायच्या, इथे गार वाटतं. आणि निघून जायचे. शेवटी माझा फ्लॅट सोडून मीच तिथे राहायला आले. दोन घरांचा खर्च कशाला, असं लोकांना सांगितलं.

ते कारण नव्हतं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी छिन्नी-हातोडा घेऊन सिमेंटचा थर फोडला. जाळी मोकळी केली. रोज दुपारी खाली उतरायचे, झिरपून साचलेलं पाणी उपसायचे, कान लावून बसायचे. तिनं ओत म्हणून सांगितलं होतं. मला कळतं ते. तिनं माझ्याच भल्यासाठी सांगितलं होतं. पण ओतलं तर तिला वाटेल, मी तिला बाहेर ठेवून दार लावलं. ते माझ्यानं होत नाही.

इतके महिने झाले. एकदाही काही ऐकू आलं नाही. ना ठक ठक, ना हाक. नुसतं भोक.

परवा वुइको ग्रिन्को आले. दार उघडलं तसे दोन पावलं मागे सरकले. नाकावर रुमाल धरला.

"यारका! किती दिवस झाले?"

"कशाला?"

"तुला वास येत नाही?"

मी श्वास घेतला. मला खरंच कसलाच वास येत नव्हता.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. "वास येतो तोवर माणूस ठीक असतो," ते ओरडले. "हा वायू आधी नाक मारतो आणि मग माणूस. किती जण पाहिलेत मी असे. डोकं दुखतं का? चक्कर?"

दुखतं, मी म्हटलं. खूप दिवस झाले.

त्यांनी स्वतः जाळीत बादलीभर पाणी ओतलं. पळी आणि स्पंज आपल्या गाडीत टाकले. माझ्याकडून आईची शपथ घेतली, पुन्हा पाण्याला हात लावणार नाही म्हणून. मी शपथ घेतली. मनापासून घेतली. 

शपथ मी पाळली. काल दिवसभर तळघराचा दिवासुद्धा लावला नाही.

आज सकाळी इस्त्री आणायला खाली गेले, आईची जुनी, फळीवर असते. जाता जाता जाळीत बॅटरी मारली.

पाणी नव्हतं.

मी काढलं नव्हतं. घरात दुसरं कुणी नाही. वुइको परत आले नव्हते, मी फोन करून विचारलं.

फोनवर ते काही तरी बोलत होते. घराबाहेर पड म्हणत होते बहुतेक, मी येतो म्हणत होते. मी ठेवून दिला.

लाज वाटते सांगायला, पण लेस्या आली असं वाटून मला आधी आनंद झाला. भीती नंतर वाटली, आणि तीही फार थोडी.